तेजाबातला पाचू

कर्जतला जाऊन आले म्हटलं की लोक विचारतात, कुठल्या फार्महाऊसवर उतरला होतात? मी हिऱ्यांसाठी गेले होते असं सांगितलं की त्यांना वाटतं, निवृत्तीनंतर बाईंचं डोकं फिरलं. कर्जतला कसले आलेत हिरे! तिथे भात पिकतो, भातानंतर वाल, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना प्लॉटच्या पाट्या. त्यांचंही चूक नाही. पण तीस वर्षं मी मुंबईत रत्नं तपासायच्या एका प्रयोगशाळेत नोकरी केली. कागदाच्या घडीदार पुड्यांतून हिरे यायचे, मी भिंगाखाली धरायची, खरा की खोटा, स्वच्छ की डागी एवढं लिहायची आणि पुडी पुढे सरकवायची. त्यांतल्या कितीतरी पुड्या कर्जत-खालापूरकडच्या खेड्यांतून घासून आलेल्या असत. ते घासणारे हात मी कधी पाहिले नव्हते. निवृत्त होऊन कोल्हापुरात परतल्यावर ही गोष्ट मला उगाचच टोचायला लागली. म्हणून ऐन पौषात तीन दिवसांची पिशवी भरली, भिंग घेतलं आणि निघाले.

कर्जत

स्टेशनबाहेर किसन उभा होता. पन्नाशीचा माणूस, खाकी शर्ट, स्वतःची रिक्षा. आमच्या जुन्या शिपायाने त्याचा पत्ता दिला होता. एकेकाळी किसन हिरे घासायचा, आता सवाऱ्या मारतो. आधी वडापाव खाऊ घातल्याशिवाय त्याने रिक्षाची किल्लीच फिरवली नाही. मग गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडपाशी नेऊन म्हणाला, "ह्यो आमचा कारखाना."

आत रंगाचे डबे छतापर्यंत रचलेले होते. किसनने त्यातले चार बाजूला सारले आणि जमिनीवरचे बोल्टचे खड्डे दाखवले. "हितं घंटी व्हती. येका घंटीला चौघं बसायचो, चारी अंगानी."

घंटी म्हणजे लोखंडाची गरगर फिरणारी सपाट थाळी. तिच्यावर तेलात कालवलेली हिऱ्याची भुकटी फासायची आणि हिरा तिच्यावर टेकवायचा. दुसरं काही चालत नाही, कारण हिऱ्याला घासू शकेल असं हिऱ्याशिवाय या जगात काही नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं. हिऱ्यालाही लाकडासारखा उभा-आडवा रोख असतो, तेही वाचलं होतं. किसनने जे सांगितलं ते मात्र वाचलेलं नव्हतं.

"उलट्या रोखानं लावला का वराडतो," तो म्हणाला. "कान द्याचा. डोळ्यानं नाय समजत. नवीन मानूस दाबत बसतं, दाबत बसतं. आमी आवाज आयकायचो नि जरासा फिरवायचो. मंग लोन्यावानी जातो."

मी तीस वर्षं हिरे पाहिले होते. ऐकला एकही नव्हता.

हिऱ्याच्या कठीणपणाने माणसाला कायम भुरळ घातली आहे. अठराव्या शतकात ब्राझीलच्या खाणी सापडेपर्यंत जगातला बहुतेक हिरा आपल्याच नद्यांच्या वाळूतून जायचा, आणि आपणच त्याला वज्र म्हटलं. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी तर हिऱ्यालाही जाती लावल्या: पांढरा ब्राह्मणाचा, तांबूस क्षत्रियाचा, पिवळा वैश्याचा, काळपट शूद्राचा. दगडालासुद्धा आपण सोडलं नाही! याच कौतुकातून एक घातक समज निघाला. खरा हिरा ऐरणीवर ठेवून घणाने ठोकला तरी फुटत नाही म्हणे. फुटतो. चांगला ठिकऱ्या होऊन फुटतो. कठीण असणं आणि न फुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळेपर्यंत कितीजणांनी आपले खरे हिरे खोटे समजून केरात टाकले असतील, देव जाणे.

हे मी किसनला सांगितलं तेव्हा तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "तुमी सुगंधावैनीला भेटा. चौकच्या अलीकडं ऱ्हातात. आमच्यात सगळ्यात चांगला हात त्यांचा. त्यांच्या हातानं येक हिरा फुटला नाय कंदी." वैनींनी कारखाना बंद पडायच्या आधीच काम का सोडलं, असं विचारलं तर मात्र त्याने रिक्षा चालू केली.

चौकच्या अलीकडे

दुसऱ्या दिवशी चौकला उतरले आणि जुन्या हायवेवर पाऊल टाकताक्षणी चपलेचा पट्टा तुटला. पाय ओढत एका पंक्चरवाल्याकडे गेले. त्याने ट्यूबचा तुकडा कापला, दोन रिव्हेट ठोकले आणि चप्पल परत दिली. कोल्हापूरकर बाईची चप्पल चौकला ट्रकच्या ट्यूबने सांधली गेली, याची मला लाज वाटली खरी. पण ती अजून टिकून आहे.

सुगंधाचं घर हायवेपासून आत, कापणी झालेल्या खाचरांमधून जाणाऱ्या वाटेवर. खाचरांत वालाचे वेल हिरवेगार पसरले होते आणि मागे माथेरानचा डोंगर आडवा पडला होता. घरात तीन बाया. सुगंधा, पंचेचाळिशीची, काटक. पहाटे उठून चौकच्या एका ढाब्याला भाकऱ्या पुरवते. तिची सासू यमुनाबाई, ऐंशीच्या पुढची, दात नसलेली आणि आवाज खणखणीत. आणि सुगंधाची मुलगी, जिचं लग्न वैशाखात ठरलं होतं आणि जी कामावर गेली होती. नवरा खोपोलीच्या कारखान्यात, पाळीवर. मुलगा शिकायला पनवेलला.

जेवायला वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची आणि तिखटाने डोळ्यांतून पाणी आलं नाही तर पाहुण्याचा अपमान झाला असं समजतात. इथे बिरड्यात नारळ आणि गूळसुद्धा! पहिल्या घासाला मी मनातल्या मनात नाक मुरडलं. तिसऱ्या भाकरीला ते विसरले.

"तुमी रतनं तपासता?" यमुनाबाईंनी विचारलं. "मंग माज्या बाची गोष्ट आयका."

त्यांचे वडील माथेरानला घोडे हाकायचे. एका उन्हाळ्यात मुंबईच्या एका शेठच्या मुलीला घेऊन घोडा उधळला तो थेट कड्याच्या रोखाने. वडील लगामाला लोंबकळले. घोडा थांबला, पोर वाचली, वडिलांचा खांदा कायमचा निखळला. शेठाणीने तिथल्या तिथे बोटातली अंगठी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"सोनं बानं इकलं. खडा नाय इकला. पाचूचा खडा! माज्या लग्नात पनवेलच्या सोनाराकडून नथीत बसवून दिला. घोडेवाल्याच्या पोरीच्या नाकात पाचू, अख्खा गाव बगाया आला व्हता." हे सांगताना म्हाताऱ्या बाईची पाठ ताठ झाली होती.

"बघू या की नथ," मी सहज म्हटलं.

सुगंधा ताटं उचलायला लागली. यमुनाबाई तोंड फिरवून वालाच्या शेंगा सोलायला बसल्या. मी काहीतरी चुकीचं बोलले होते, पण काय ते समजेना.

दुपारी सुगंधा मला मळा दाखवायला म्हणून घेऊन गेली आणि वेलांच्या मधोमध उभं राहून एका दमात सगळं बोलली. चौदा वर्षांपूर्वी नणंदेच्या, शेवंताच्या, मुलीचं लग्न निघालं. हळदीने, साबणाने नथ मळली होती. सासू म्हणाली, जरा स्वच्छ करून आण. सुगंधा तेव्हा घंटीवर बसायची. घासून झालेले हिरे तेजाबात उकळून साफ करण्याची तिथे रीतच होती. तिने नथीतला खडा काढला आणि हिऱ्यांबरोबर तेजाबात टाकला.

"हिरे चकचकीत निगाले. नि ह्यो..." तिने कमरेची चंची उघडली आणि नथ माझ्या तळहातावर ठेवली. मोत्यांच्या मध्ये हरभऱ्याच्या डाळीएवढा एक फिकट खडा होता, आतून पांढऱ्या भेगांनी भरलेला. कढत पाणी पडल्यावर काचेच्या पेल्याचं होतं तसं त्याचं झालं होतं.

"मी तसाच परत बसवला. लग्नात शेवंतानं बगितला नि धा मान्सांत बोलली, वैनीनं खडा बदलला. खरा इकला नि काच घातली. मी काय बोलले नाय."

"का नाही बोललात? उकळला म्हणून सांगायचं."

"मंग खरं सांगाया लागलं आसतं ना." तिचा आवाज खाली आला. "खरा आसता तर तेजाबात टिकला आसता. हिरा टिकतो. माज्या हाताखालून हजारो गेले. ह्यो टिकला नाय, म्हंजे काच. शेठाणीनं त्या गरीबाला काच दिली. खांदा मोडला त्याचा, नि हातावर काच ठेवली! आई त्या खड्यावर जगतात. त्यांना कसं सांगू? त्यापरीस मला चोर म्हनू दे."

कारखाना तिने त्याच वर्षी सोडला. चोरीचा बोभाटा झालेल्या बाईच्या हातात हिऱ्यांची पुडी कोण देणार?

"आता पोरीचं लगीन हाय. आई म्हनतात नथ तिला द्याची. काच द्याला माजा जीव नाय होत. तुमी फकस्त बगा नि मला सांगा, काचच हाय ना? म्हंजे मी नवीन खडा तरी घेईन गपचिप."

ऊन उतरायला लागलं होतं. पाचू पाहायला सकाळचा थंड उजेड लागतो. मी म्हटलं, उद्या बघते, आणि रात्री तिथेच राहिले.

अंगण

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओटीच्या उत्तरेकडच्या कडेला बसले. यमुनाबाई पुढच्या अंगणात शेंगा निवडत होत्या. सुगंधा माझ्यापाशी भिंतीला टेकून उभी होती.

काच ओळखायला मला भिंगाचीही गरज पडत नाही. पण भिंग डोळ्याला लावलं, खडा उजेडाकडे फिरवला आणि भेगांच्या गर्दीत एके ठिकाणी मी थांबले. सुईच्या टोकाने केलेल्या छिद्रापेक्षा लहान अशी एक पोकळी. तिच्यात पाण्याचा थेंब, थेंबात एक बुडबुडा, आणि बुडबुड्याशेजारी मिठाचा एक चौकोनी कण. असा थेंब काचेत नसतो. हिऱ्यात नसतो. दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरांमध्ये, माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधी, पाचू तयार होताना तिथलं खारं पाणी आत अडकलं, ते हे. तिथल्या खाणींतून स्पॅनिश लोकांनी पाचू काढले, जहाजांतून गोव्यापर्यंत आणले, आपल्या बादशहांनी नि सरदारांनी वेड्यासारखे विकत घेतले. त्यातलाच एक हिंडत हिंडत माथेरानच्या घोडेवाल्याच्या तळहातावर आला होता. शेठाणीने फसवलं नव्हतं.

आनंदाने ओरडायला हवं होतं मी. ओरडले नाही. भिंग तसंच डोळ्याला लावून बसले, कारण मला पुढचं दिसायला लागलं होतं.

पाचूला हिऱ्याची मोजमापं लावून चालत नाही. हिरा आतून स्वच्छ असला की त्याचं मोल चढतं. पाचूत मात्र भेगा असणारच, जाणकार त्यांना बाग म्हणतात आणि बागेसकट त्याच्यावर जीव लावतात. जुन्या कथेत एका असुराच्या देहाची रत्नं झाली, त्यात हाडांचे हिरे झाले आणि पित्ताचा पाचू. कथा रचणाऱ्याला दोघांचा स्वभाव बरोबर कळला होता. खाणीतून निघाल्याबरोबर पाचूला तेल पाजतात. ते भेगांमध्ये मुरतं आणि हिरवा रंग एकसंध दिसतो. उकळतं तेजाब ते तेल खाऊन टाकतं आणि उष्णतेने भेगा वाढतात. पाचू हाताळणारा कुणीही हे करणार नाही. हे फक्त हिऱ्यांत वाढलेला माणूसच करील, आणि तेही मनापासून, चांगलं व्हावं म्हणून.

खरा आहे म्हणावं, तर चौदा वर्षं ही बाई चोर म्हणवून घेत राहिली ते फुकट, आणि वर सासूच्या बापाचा पाचू तिनेच नासवला. काच आहे म्हणावं, तर ती बापडी नवीन खडा आणून गप्प बसेल. पण मग त्या घोडेवाल्याला कायमचा फसवलेला ठरवायचा. कागदावर खरा-खोटा लिहिणं किती सोपं होतं! तिथे समोर माणूस उभं नसायचं.

"काचच ना?" सुगंधा म्हणाली.

"नाही," मी म्हटलं. "पाचू आहे. अस्सल." आणि मग तेलाचं, तेजाबाचं, सगळं सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही ठेवलं नाही.

ती रडली नाही. दोन्ही हात पुढे धरून त्यांच्याकडे बघत राहिली. "माज्या हातानं," एवढंच म्हणाली.

मी तिला वाटीत खोबरेल आणायला सांगितलं. देवदाराचं तेल असतं तर उत्तम, पण घरात जे होतं ते. खडा हलकेच कोंदणातून काढला, तेलात सोडला आणि वाटी कोवळ्या उन्हात ठेवली. तोवर तिने चहा केला. कुणी प्यायला नाही. ऊन अंगणभर आलं तेव्हा वाटीच्या तळाशी हिरवा रंग दिसायला लागला होता. पूर्वीचा नसेल. दोन मोठ्या भेगा पांढऱ्याच राहिल्या. पण हिरवा, खोल, पावसाळ्यातल्या खाचरासारखा.

सुगंधाने वाटी उचलली आणि सरळ सासूसमोर जाऊन बसली. मी जागची हलले नाही, पण सगळं ऐकू येत होतं.

"आई, खडा बदलला नाय मी. मीच त्याला तेजाबात उकळला. म्हनून तसा झाला. मला वाटलं काच हाय. तुमच्या बाला कुनी फशिवलं आसं तुमाला वाटू नये म्हनून बोलले नाय. पन ही बाई सांगते, खरा हाय."

यमुनाबाईंनी वाटी डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ आत पाहिलं. मग बोट बुडवून खडा फिरवला.

"ही बग मुंगी," त्या म्हणाल्या. खड्याच्या एका कोपऱ्यात काळा ठिपका होता. "बा मला मांडीवर घेऊन दाखवायचा. मी मुंगी म्हनायची हिला. पांडऱ्यात दडली व्हती." आणि मग सुगंधाकडे न बघता, "मला वाटलं, त्या साली तुजा पोरगा आजारी व्हता, त्याच्या दवाखान्यापायी तू इकलास."

सुगंधाचा चेहरा पडला. शेवंताने दहा माणसांत म्हटलं तेव्हा नसेल तेवढा पडला. "तुमालाबी वाटलं? चवदा वर्सं माज्या हातचं खाल्लंत, नि मनात ह्ये व्हतं?"

"व्हतं. म्हनून तर तुला कंदी इचारलं नाय गं. इचारलं आसतं तर तुला खोटं बोलाया लागलं आसतं. मी म्हटलं, पोर जगलं ना, ऱ्हाऊ दे."

सुगंधा उठून उभी राहिली. मला वाटलं आता ती घरात निघून जाईल आणि सासूला ही सून परत कधी मिळणार नाही. एकीने दुसरीचा बाप सांभाळला होता, दुसरीने पहिलीची चोरी. आणि चोरी झालीच नव्हती. इतकी माया आणि इतका गैरविश्वास एकाच चुलीपाशी चौदा वर्षं कसा नांदला, हे मला अजून उमगत नाही.

यमुनाबाईंना ते कळलं असावं. त्यांनी पदराला हात पुसले, ओटीवरचा मोबाइल मागून घेतला आणि शेवंताला लावायला सांगितलं. सुगंधाने लावला आणि आवाज मोठा करून त्यांच्या हातात दिला.

"शेवंते, आयक. नथीतला खडा त्योच हाय. माज्या बाचा. मुंगी बगितली मी. तू वैनीला धा मान्सांत चोर म्हनालीस, आता लग्नात तेवड्याच मान्सांत तोंड उगडायचं."

पलीकडून शेवंताचा आवाज चढला. तोच असेल तर मग त्याचा रंग कुठे गेला होता? काहीतरी केलंच असणार वैनीनं.

"वैनीनं नाय," म्हातारी म्हणाली. "मीच सांगितलं व्हतं तिला, तेजाबात उकळून आन म्हनून. ती नको म्हनत व्हती. माजाच हट्ट. माज्यानं नासला."

सुगंधा तोंड उघडायला गेली. यमुनाबाईंनी नुसता तळहात वर केला.

"हितं रतनं तपासनारी बाई बसलीय, मुंबैची. तिला इचार." आणि फोन माझ्यापुढे धरला.

शेवंता माझ्याशी एकदम अदबीने बोलली. "बाई, खडा तोच हाय का?"

"तोच आहे. अस्सल पाचू आहे."

"नि आईनंच सांगितलं व्हतं का, उकळ म्हनून?"

मी त्या वेळी तिथे नव्हते. खरं काय ते आदल्या दिवशी मळ्यात सुगंधाच्या तोंडून ऐकलं होतं. तीस वर्षांच्या नोकरीत दडपणं आली, आमिषं आली, पण एकही खोटा दाखला माझ्या हातून गेला नव्हता. समोर यमुनाबाई डोळे न हलवता माझ्याकडे बघत होत्या.

"हो," मी म्हटलं. "त्यांनीच सांगितलं होतं."

सुगंधा मटकन खाली बसली आणि सासूच्या गुडघ्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागली. म्हातारीने फोन बंद केला, तेलकट हात आधी लुगड्याला पुसला आणि मग तो तिच्या केसांवरून फिरवत राहिली.